परीकथा, विज्ञानकथा आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



सेवानिवृत्त शिक्षकाला बोलावयास उभे करणे हे मोठे धाडसाचे काम आहे, आणि ते आपल्या चिटणीसांनी केले याबद्दल मी त्यांचे आभार मानतो. त्यांनी मला विषय दिला होता ‘विज्ञान-शिक्षण आणि आपला समाज’. तीस-बत्तीस वर्षे मी याच पनवेलीत विज्ञान शिकविले, तेव्हा गुण, प्रवेश, शिष्यवृत्त्या यांविषयी मी काही सांगेन अशी आपली अपेक्षा असणार. ते सांगणारे माझ्याहून जाणकार लोक या व्यासपीठावर बसलेले आहेत. मी आज गोष्टींच्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे. त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांबद्दल, म्हणजे जुनी परीकथा घेऊन तिची विज्ञानकथा केलेली असते त्या पुस्तकांबद्दल. विषय बदलण्याचे कारण एक प्रसंग आहे. तो आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवितो. वर्गात असताना त्याला पुस्तकापेक्षा पाना जवळचा वाटे. पण माणूस सचोटीचा आणि हाताला गुण असलेला. एका संध्याकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक घेऊन माझ्या घरी आला. त्याची मुलगी दहावीला आहे. शाळेच्या कपाटातून तिने एक इंग्रजी कादंबरी आणली होती. तो म्हणाला, “सर, ही पोरगी रात्री बारापर्यंत हे वाचत बसते. मला वाटले सायन्सचे काही असेल, वर चित्र तसेच आहे. विचारले तर सांगते, सिंड्रेलाची गोष्ट आहे. आता सर, सिंड्रेला वाचायचे हे वय आहे का? आणि पुन्हा त्यात यंत्रमानव. परीकथा असेल तर परीकथा, सायन्स असेल तर सायन्स. हा खिचडा कशाला? तुम्ही तिला समजावा.”

मी म्हटले, “बैस आधी. चहा घे. पुस्तक ठेवून जा, मी वाचतो, मग बोलू.”

पुस्तक मी वाचले. त्याविषयी शेवटी सांगेन. परंतु त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो खोटा प्रश्न नव्हता. आपल्या घरांतून पुष्कळ वडील तो मनात विचारीत असतात. परीकथा म्हणजे लहान मुलांना झोपविण्याची वस्तू, आणि विज्ञान म्हणजे परीक्षेची वस्तू. या दोन वस्तू एका पुस्तकात आल्या की त्यात मौज कसली?

मौज कसली, हे मला प्रथम माझ्या नानीकडून समजले. आमचे अब्बा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे. रात्री आम्हां भावंडांना सांभाळण्याचे काम नानीकडे. तिला अक्षर येत नव्हते, पण अलिफ लैलाच्या गोष्टी तिला येत. कोणाकडून ऐकल्या होत्या अल्लाह जाणे. तिच्या गोष्टीतला कोळी जाळे टाकायचा तो बसऱ्याच्या समुद्रात नव्हे, आपल्या पनवेलच्या खाडीत. जाळ्यात तांब्याचा घडा यायचा, त्यावर सुलेमान पैगंबरांची मोहर असायची, आणि झाकण उघडले की धुराचा लोट. हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे. मराठी वाचकांनाही या गोष्टी नव्या नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच इंग्रजीवरून त्यांचे भाषांतर ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने हाती घेतले होते, आणि पुढे विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या मोठ्या इंग्रजी ग्रंथावरून त्या अनेक खंडांत मराठीत आणल्या. आमच्या नानीने यांपैकी काहीच वाचले नव्हते, आणि तिचे काही अडले नाही.

तिच्या गोष्टींपैकी मला सर्वांत आवडे ती आबनुसी घोड्याची. इराणच्या बादशहाकडे तीन कारागीर तीन नजराणे घेऊन येतात. एकाने सोन्याचा मोर आणलेला असतो, तो दर तासाला पंख फडकावून वेळ सांगतो. दुसऱ्याने पितळेचे कर्णे आणलेले असते, शत्रू वेशीत शिरला की ते आपोआप वाजते. तिसऱ्याचा आबनूस लाकडाचा घोडा असतो. खुंटी फिरविली की तो आकाशात चढतो. शहाजादा घाईने घोड्यावर बसतो, खुंटी फिरवितो आणि वर जातो, वर जातो, ढगांपलीकडे जातो. मग त्याच्या लक्षात येते की खाली कसे यावयाचे हे आपण विचारलेच नाही!

येथे नानी थांबत असे. आम्ही ओरडायचो, “मग? मग?” ती म्हणायची, “तुम्हीच सांगा, काय करील तो?” धाकटी बहीण म्हणे, दुआ मागेल. मी म्हणे, उडी मारील. नानी सांगे, “नाही रे पोरांनो. तो घोडा चाचपून बघतो. मान बघतो, खांदे बघतो, शेपटी बघतो. आणि दुसऱ्या खांद्याजवळ त्याला दुसरी खुंटी सापडते.”

पुढे मी विज्ञान शिकविताना प्रयोगवहीत निरीक्षण म्हणजे काय ते पुष्कळ वेळा लिहवून घेतले, पण त्या शहाजाद्याइतके चांगले उदाहरण मला सापडले नाही. ही गोष्ट नीट पाहा. तिच्यात मंत्र नाही, परी नाही, जिनही नाही. खुंट्या आहेत. म्हणजे ज्या कोणी ही गोष्ट प्रथम रचली, त्याच्या मनात यंत्र होते. आणि त्या काळी तशी यंत्रे अगदीच अपरिचित होती असेही नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी करामती यंत्रांवर पुस्तक लिहिले होते. अल-जझरी या कारागिराने १२०६ साली पुरा केलेल्या ग्रंथात पाण्यावर चालणारी घड्याळे आणि हात धुण्यासाठी पाणी देणारा मोर आकृत्यांसह दिला आहे. त्याच्या एका घड्याळाला तर हत्ती आहे, पाठीवर माहूत बसविलेला. तेव्हा माझा मित्र ज्याला खिचडा म्हणतो तो अलीकडचा नाही. आपल्याच जुन्या गोष्टींच्या पातेल्यात तो फार पूर्वीपासून शिजतो आहे.

गोष्टीचा शेवट मात्र मला लहानपणी कधी आवडला नाही. सारे संकट टळल्यावर, लग्न लागल्यावर, म्हातारा बादशहा तो घोडा मोडून टाकतो. मुलगा पुन्हा उडून जाईल ही भीती! मी नानीशी भांडत असे की त्याने घोडा का मोडला? ती म्हणे, “बाप आहे ना तो.” आज मी स्वतः आजोबा आहे, त्यामुळे बादशहाची बाजूही मला थोडी समजते. थोडीच.

माझाही एक घोडा मोडला गेला होता. मी शाळेत असताना भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नवरून केलेले ‘चंद्रावर स्वारी’ बाकाखाली धरून वाचत होतो. शिक्षकांनी ते काढून घेतले आणि “असल्या थापा वाचून तू काय होणार?” असे सर्व वर्गासमोर विचारले. पुस्तक परत मिळाले नाही. पुढे जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरले. तेच शिक्षक वर्तमानपत्र घेऊन वर्गात आले आणि मोठ्या आनंदाने सगळी हकिगत वाचून दाखवू लागले. फ्लोरिडातून उड्डाण, आत तीन माणसे, आणि शेवटी पॅसिफिक महासागरात उतरणे. मी खाली मान घालून बसलो होतो. व्हर्नच्या गोष्टीतही फ्लोरिडाच होते, तीनच माणसे होती आणि पॅसिफिकच होता! हात वर करून हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. शिक्षक वाईट नव्हते. थाप आणि कल्पना यांतला फरक पाहण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती, एवढेच.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपल्या मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव आधी घ्यावे लागते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वरचनेवर संशोधन केलेला हा शास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले ते जगतापांना. नावाच्या वजनावर बक्षीस नको, कथेच्या वजनावर हवे, हा त्यातला हिशेब विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात घ्यावा.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी १९८६ ची. नाव ऐकताच आपल्याला बळीराजाची गोष्ट आठवते. ती आपल्या मुलांपैकी काहींना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. बळी हा मोठा दानशूर राजा. त्याच्याकडे एक ठेंगणा बटू येतो आणि तीन पावले जमीन मागतो. एवढीशी मागणी! राजा हसून हो म्हणतो. मग तो बटू वाढू लागतो. एका पावलात पृथ्वी व्यापतो, दुसऱ्यात स्वर्ग, आणि तिसरे पाऊल ठेवावयास जागाच उरत नाही तेव्हा राजा आपले मस्तक पुढे करतो. दिवाळीत आपल्या शेजारच्या आगरी घरांतून ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे शब्द आपण ऐकतोच. लहानपणी मी ते त्यांच्याबरोबर म्हणतही असे.

नारळीकरांच्या कादंबरीत देव नाही आणि बटूही नाही. कर्नाटकात जमिनीत खोल खोदकाम चालू असताना एक पेटी सापडते. ती पूर्वी कधी तरी नांदून गेलेल्या, आपल्याहून पुढे गेलेल्या एका संस्कृतीची असते. तिच्यात साठविलेल्या ज्ञानावरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव तयार करतात. तो बुद्धीने अफाट आणि उंचीने ठेंगणा, म्हणून त्याचे नाव वामन. आणि मग या वामनाला आपल्यासारखे आणखी वामन घडविण्याची ओढ लागते. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. लेखकाने नावातच सांगून टाकले आहे, तरीही वाचताना धाकधूक संपत नाही, ही त्यांची हुशारी.

१९८७ च्या सुमारास मी मोकळ्या तासांना ही कादंबरी नववीच्या वर्गात वाचून दाखवीत असे. वर्गात आपल्या मोहल्ल्यातली मुले होती आणि आसपासच्या गावांतून येणारी आगरी मुलेही होती. वामनाला आपल्यासारखे दुसरे यंत्र करावयाचे आहे, येथवर आम्ही आलो तेव्हा आमच्यातला एक मुलगा म्हणाला, “मग त्यात काय बिघडले, सर? करू दे की एक.” मी पुस्तक मिटले आणि खडू घेतला. पुढचा हिशेब माझा फळ्यावरचा आहे. समजा, एक वामन एका दिवसात एक वामन करतो, आणि नवाही दुसऱ्या दिवसापासून तेच काम करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा दिवसांनी किती? १,०२४. आमच्या शाळेच्या पटाएवढे. मुले हसली. वीस दिवसांनी १० लाख ४८ हजारांवर. हसू थांबले. तीस दिवसांनी १०७ कोटींच्या वर. तेहतिसाव्या दिवशी ८५८ कोटी ९९ लाख. त्याच वर्षी जगाची लोकसंख्या ५०० कोटींना पोहोचल्याच्या बातम्या आल्या होत्या. आजही ती ८०० कोटींहून थोडीच अधिक आहे. म्हणजे महिना संपून तीन दिवस जातात न जातात तोच पृथ्वीवर माणसांपेक्षा वामन जास्त!

मागच्या बाकावरचा एक आगरी मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, “सर, म्हणजे तीन पावले ही अशी!” त्याला बळीची गोष्ट पाठ होती. ठेंगणा मागतो थोडेसे आणि व्यापतो सगळे, ही खूण त्याला लेखकाच्या बरोबर दिसली, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरलो नाही. ही घटना येथेच संपली असती, पण आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा म्हणाला, “नाही सर, हा तर घड्यातला जिन आहे. पुरून ठेवलेली पेटी उघडली, मग तो बाहेर आला.” दोघांचे जुंपले. वामन की जिन? मी पंचाईत करण्याऐवजी विचारले, “बरे, जिन असेल तर त्याला परत आत कसा घालाल?” तो म्हणाला, “कोळ्याने घातला तसा. तू एवढा मोठा, एवढ्याशा घड्यात मावतोस हे मला खरे वाटत नाही, दाखव बघू, असे म्हणायचे.” साऱ्या वर्गाने टाळ्या वाजविल्या. एका पुस्तकाशी दोन मुले दोन वेगवेगळ्या घरांतल्या गोष्टी घेऊन आली आणि दोघांनाही तेथे जागा मिळाली.

त्याच वेळी ज्या दोन-तीन मुलांना यांपैकी कोणतीच गोष्ट घरी कोणी सांगितली नव्हती, त्यांच्यासाठी ते केवळ एक चमत्कारिक यंत्र होते. पुढे काय झाले एवढेच त्यांना हवे होते. त्यांचा यात दोष नाही, पण त्यांच्या वाट्याला अर्धीच मौज आली. माझ्या मित्राला मी द्यावयाचे उत्तर त्या वर्गातच होते, मला ते फार उशिरा उमगले. या प्रकारच्या पुस्तकाची मौज ज्याला जुनी गोष्ट ठाऊक आहे त्यालाच पुरी मिळते, कारण वाचताना एक डोळा जुन्या वाटेवर असतो आणि दुसरा नव्या. नवी वाट कोठे फुटते ते दिसले की मन उडी मारते. आणि ती बहुधा एकाच ठिकाणी फुटते. परीकथा सांगते, दिवा घासला आणि महाल उभा राहिला. विज्ञानकथा तेथे थांबून विचारते, महाल कशाचा? तेल कोणाचे? आणि दिवा विझवावयाचा झाला तर खुंटी कोठे आहे?

आपल्या पनवेल तालुक्यात राहणाऱ्याला तर हे प्रश्न पुस्तकातून शिकावयासही नकोत. नानीच्या गोष्टीत जिन एका रात्रीत डोंगर उचलून बाजूला ठेवी. उलव्याची टेकडी आपल्या डोळ्यांदेखत फोडून सपाट केली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आबनुसी घोडे आता आपल्या कौलांवरून जाणार. मला त्याचा आनंद आहे, माझी नातवंडे गच्चीवरून ती पाहतील. परंतु जिनने उचललेल्या डोंगराखाली कोणाची घरे होती हे नानीला आम्ही कधी विचारले नाही, आणि तीही सांगत नसे. येथे मात्र गावे उठली, माणसे दुसरीकडे राहावयास गेली, त्यांतली काही माझे विद्यार्थी आहेत. ही विचारपूस करण्याची जागा परीकथेत नसते. चांगल्या विज्ञानकथेत ती असते.

मुलींविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण मूळ तक्रार एका मुलीच्या वाचनाची होती. परीकथेतली शहाजादी बहुधा वाट पाहत असते. बुरुजात, तळघरात, झोपेत, कोठेही असो, तिचे काम वाट पाहण्याचे. या गोष्टीला सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या एका मुस्लिम स्त्रीने कलाटणी दिली. बेगम रुकैया सखावत हुसेन. जन्म १८८०, बंगालमधल्या रंगपूर भागात. मुलींना इंग्रजी शिकविण्याची घरात पद्धत नव्हती. रात्री घर झोपल्यावर भाऊ दिव्याच्या उजेडात शिकवी. तिने ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा इंग्रजीत लिहिली, ती १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. कथेतल्या देशात पुरुष घरात बसतात आणि कारभार स्त्रिया करतात. हे वाचून पुरुषमंडळींनी घाबरून जाऊ नये, तिने ते हसत हसत लिहिले आहे. तेथे स्त्रियांची दोन विद्यापीठे आहेत. एकातल्या विदुषी ढगांतून नळीने पाणी उतरवून घेतात, दुसरीतल्या सूर्याची उष्णता साठवितात आणि त्याच उष्णतेने चालून आलेल्या शत्रूला पळवून लावतात. उडते गालिचे नाहीत. हायड्रोजनचे गोळे आणि विजेवर फिरणारी पाती लावलेली हवेतली गाडी आहे. कथेच्या शेवटी सुलताना त्या गाडीतून घसरते आणि आपल्या खोलीतल्या खुर्चीत जागी होते. खाली येण्याची खुंटी तिलाही अशी अचानकच सापडली.

पण ही बाई स्वप्न लिहून थांबली नाही. पतीच्या निधनानंतर तिने भागलपूरला १९०९ मध्ये मुलींची शाळा काढली, आणि तेथे निभाव लागेना तेव्हा १९११ मध्ये कलकत्त्यास नव्याने सुरू केली. विद्यार्थिनी किती? आठ. आपल्या संस्थेच्या पहिल्या दिवसांच्या हकिगती येथल्या वडीलधाऱ्यांकडून मी ऐकल्या आहेत, त्यामुळे हा आकडा वाचताना मला तो परका वाटला नाही.

आता त्या गॅरेजवाल्या मित्राकडे परत जाऊ. पुस्तक होते मॅरिसा मेयर या अमेरिकन लेखिकेचे ‘सिंडर’, २०१२ सालचे. मी ते दोन दिवसांत वाचले. प्रामाणिकपणे सांगतो, त्यातले चंद्रावरच्या राणीचे प्रकरण मला फार लांबलेले वाटले, आणि राजपुत्र तर सगळ्या राजपुत्रांसारखाच आहे. पण सिंडर मात्र मनात घर करते. ती भविष्यातल्या पेकिंग शहराच्या बाजारात दुरुस्तीची टपरी चालविते. तिचा एक हात आणि एक पाय यंत्राचा आहे, आणि असल्या माणसांना तेथे अर्धे माणूस समजतात. मिळविलेला पैसा सावत्र आईच्या हाती जातो. पाय लहानपणी बसविलेला, मुलगी वाढली, पाय वाढत नाही, आणि नवा घेऊन देणार कोण? कादंबरी सुरू होते तेव्हा ती तो तोकडा पाय गंजलेल्या स्क्रूसकट काढून टाकत असते.

जुन्या गोष्टीत नाचाच्या रात्री जिन्यावर काचेचा बूट राहतो. काचेचा बूट फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या पुस्तकातला. जर्मन ग्रिम बंधूंच्या गोष्टीत सावत्र बहिणी त्या बुटात पाय बसावा म्हणून अंगठा आणि टाच कापून घेतात. या कादंबरीत जिन्यावर बूट राहत नाही, पायच निखळून राहतो. येथे मी पुस्तक मांडीवर ठेवले आणि एकटाच हसलो. शेकडो वर्षे पायाला बुटात बसविण्याची धडपड चालली होती. या पोरीला पायच बदलावयाचा आहे, आणि तो कसा बदलतात हे तिला ठाऊक आहे! आणखी एक गंमत म्हणजे या गोष्टीचे फार जुने लिखित रूप, ये-शियान नावाच्या मुलीचे, नवव्या शतकातल्या चिनी ग्रंथात आहे. लेखिकेने सिंड्रेलाला पेकिंगला नेले, म्हणजे एका अर्थी ती माहेरी आली.

मी मित्राला आणि त्याच्या मुलीला बोलावून घेतले. मुलगी खाली मान घालून बसली होती, जणू चोरी पकडली गेली आहे. मी तिला पुस्तकाविषयी काही न विचारता एवढेच विचारले, “तुला यातले काय खरे वाटले?” ती हळूच म्हणाली, “पाय, सर.” आणि मग तिने मलाच प्रश्न विचारला की असा पाय खरोखर करता येतो का. मी तिला जयपूर पायाची हकिगत सांगितली. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून तो घडविला. शर्मांचे शालेय शिक्षण बेताचे, पण हातात कला. विलायती पाय बूट घालून चालण्यासाठी केलेला असे. आपल्या माणसाला अनवाणी चालावे लागते, शेतात चिखलात उतरावे लागते, मांडी घालून बसावे लागते. रबर आणि लाकूड वापरून त्यांनी या सगळ्यांना चालेल असा पाय केला. डॉ. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता तर स्नायूंतले विजेचे सूक्ष्म संकेत ओळखून हालणारे कृत्रिम हातही तयार होतात, ते मी तिला माझ्या अल्प माहितीप्रमाणे समजावून सांगितले.

मुलगी विचारीत होती, मी सांगत होतो. बाप गप्प बसला होता. मला वाटले, आता हा म्हणेल की सर, मी तुम्हाला समजवायला सांगितले होते, चढवायला नाही. तो जरा पुढे सरकला आणि म्हणाला, “सर, तो गंजलेला स्क्रू तिने काढला कशाने?”

मी म्हटले, “ते तुझ्या मुलीला विचार. तिने पुस्तक माझ्याआधी वाचले आहे.”

मग बाप-लेकींचे जे सुरू झाले त्यात मला काही जागा नव्हती. गंजलेला स्क्रू जोर लावून फिरविला की डोके झिजते, आधी तेल सोडून थांबावे लागते, हे त्याने तिला सांगितले. तिने त्याला सांगितले की त्या मुलीच्या जागी ती असती तर पाय काढण्याआधी नव्या पायाची तारांची जोडणी तपासून घेतली असती. तो म्हणाला, “हे तुला कोणी शिकवले?” ती म्हणाली, “तुम्हीच. गॅरेजमध्ये. मी डबा घेऊन येते तेव्हा बघते ना.” त्याला हे ठाऊकच नव्हते.

दहावीनंतर काय, याचा निर्णय त्या घरात अजून झालेला नाही. मुलीला यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेला जावयाचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते मुलीचे काम वाटत नाही. बाप मधे आहे, आणि तो आज या सभागृहात बसला आहे, म्हणून मी यापुढे बोलत नाही. पालकांना माझी विनंती एवढीच आहे की मुलांच्या हातात असले एखादे पुस्तक दिसले तर हिसकावून घेण्यापूर्वी त्यातली पहिली दहा पाने स्वतः वाचावीत, आणि घरात जी कोणी नानी, दादी असेल तिला तिच्या गोष्टी सांगू द्याव्यात. ग्रंथपालांनाही एक विनंती आहे. ‘सिंडर’ हे पुस्तक कपाटात परत आलेले नाही, त्याची मुदत केव्हाच उलटली. दंड माझ्या नावावर लिहावा. मी परवा गॅरेजवर गेलो होतो तेव्हा ते हत्यारांच्या पेटीवर ठेवलेले होते, आणि चाळिसाव्या पानापर्यंत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर काळ्या ग्रीसचे बोट उमटलेले होते.